लाल लिव्हर

मे महिना, सकाळचे साडेनऊ-दहा, आणि फोन. "काका, पुढचं चाक परत जाम झालंय, केरीच्या पुढे अडकलोय." त्यातला 'परत' ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, कारण तीच मोटरसायकल आदल्या संध्याकाळी गोव्यात साखळीला असलेल्या माझ्या गॅरेजमधून मी 'आता जा चोर्ला घाटाने बिनधास्त' म्हणून सोडली होती. पोरगा बेळगावला बहिणीकडे निघालेला.

तक्रार अशी होती की पाच-सहा किलोमीटर गेलं की गाडी ओढतच नाही, पुढचं चाक हाताने फिरत नाही, आणि अर्धा तास उभी करून चहा प्यायला की गाडी परत मोकळी. माझ्याकडे आली तेव्हा अर्थातच थंड होऊन आली, चाक मस्त फिरत होतं. आता गोव्यात असं कोणी सांगितलं की माझा हात आपोआप कॅलिपरकडे जातो, म्हणजे ब्रेक मारला की चाकाची डिस्क दोन पॅडच्या चिमटीत धरतो त्या भागाकडे. आमच्याकडे चार महिने पाऊस, किनाऱ्याकडच्या गाड्यांना वर खारी हवा, त्यामुळे पिना गंजतात, पिस्टन आत अडकतो, पॅड डिस्कला चिकटून राहतात. उघडलं तर थोडा गंज निघालाही. पिना साफ केल्या, ग्रीस लावलं, सील बदललं, ब्रेक ऑइलमधली एअर काढली, बाजारातून एक फेरी मारली, झकास. पैसेही घेतले. एक फेरी म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर, पण संध्याकाळी दुकान बंद करायच्या घाईत ते कोणाच्या लक्षात येतंय.

तर स्कूटर काढली, 8 आणि 12 चा पाना, ब्रेक ऑइलची बाटली आणि फडकी घेऊन निघालो. अंजुणे धरणाच्या बाजूला हा सावलीत बसलेला. डिस्क निळी पडलेली, जळका वास, आणि साहेबांनी वरून प्यायच्या पाण्याची अख्खी बाटली ओतलेली. "अरे तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओततात का रे? वाकडी होते ती!" त्याला काय, चुर्र आवाज आला म्हणून बरं वाटलं होतं. ब्रेकचा लिव्हर दाबून बघितला तर दगड, जरा म्हणून हलेना.

अशा वेळी एकच ठरवायचं असतं, कॅलिपर अडकलाय की ऑइलचं प्रेशर आत कोंडलंय. टाकीवर फडकं टाकलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं, आणि वर हँडलवर मास्टर सिलिंडर असतो, लिव्हर दाबला की ऑइल खाली कॅलिपरकडे ढकलणारा, त्याला पाइप जोडणारा बोल्ट 12 च्या पान्याने अगदी थोडा सैल केला. फस्स करून ऑइल उडालं आणि चाक त्याच क्षणी मोकळं. म्हणजे कॅलिपर निर्दोष, आणि पाइपही, कारण पाइप आतून फुगून बंद झाला असता तर वरचा बोल्ट सैल करून खालचं चाक सुटलं नसतं. भानगड वर हँडलपाशी होती आणि मी काल दोन तास खाली बसून घासत होतो.

मग जे कालपासून डोळ्यासमोर होतं ते दिसलं. लाल चकचकीत लिव्हर, सहा पोझिशनचा, ऑनलाइन मागवलेला.

"कधी बसवलास?"

"पंधरा दिवस झाले, काका."

"आणि चाक कधीपासून अडकतंय?"

पोरगा गप्प.

मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या डबीच्या तळाला एक बारीक भोक असतं, सुईएवढं. लिव्हर सोडला की पिस्टन त्या भोकाच्या मागे जातो आणि तापून फुगलेलं ऑइल तिथून डबीत परत येतं. या लिव्हरचं नाक जिथं पिस्टनला टेकतं तिथं मूळ लिव्हरपेक्षा किंचित जाड होतं, म्हणजे हात न लावताही पिस्टन केसभर आत दाबलेला आणि भोक बंद. मग ब्रेक मारला, ऑइल तापलं, फुगलं, परत जायला वाट नाही, म्हणून पॅड डिस्कला घासायला लागले, त्याने आणखी तापलं, आणखी फुगलं. थंड झालं की आपोआप सुटणार, मग मेकॅनिकसमोर गाडी शहाण्यासारखी उभी.

त्याने विचारलं, "पण एबीएस आहे ना गाडीला?" प्रश्न चांगला होता. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आलं आणि लोकांना वाटतं आता ब्रेककडे बघायलाच नको. पण एबीएस बघतं चाक अचानक थांबून घसरतंय का. इथं चाक आणि गाडी दोन्ही बरोबरच हळू होत होती, त्याला संशय यायचं कारणच नाही.

लिव्हर काढून खिशात घातला, बोल्ट आवळला आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर हळूहळू परत फिरलो. वाटेत केरीला भाजी-पाव खाल्ला, पैसे मी दिले, कालची लाज होती.

जुना लिव्हर त्याच्या घरी माळ्यावर निघाला. तो बसवून डबीचं झाकण उघडलं आणि लिव्हर हलकेच दाबायला लावला, तर तळातून ऑइलचं छोटंसं कारंजं उडालं. मग लाल लावून तेच केलं, काही नाही. पोराने दोनतीनदा करून बघितलं, त्याला गंमतच वाटली. ऑइल काळ्या चहासारखं झालेलं, ते सगळं काढून टाकलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवं डॉट 4 ग्रेडचं ऑइल कमीत कमी 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की तो आकडा 155 पर्यंत येऊ शकतो, आणि आमच्या दमट हवेत दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवूच नये. पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेले, बदलले. डिस्क खरंच वाकली होती, ब्रेक मारला की लिव्हर बोटाखाली धडधडायचा, तीही गेली. डिस्कचे आणि पॅडचे पैसे घेतले, मजुरी नाही. यावेळी ट्रायल डिचोलीपर्यंत जाऊन मारली, परत आलो आणि चाक उचलून फिरवलं तेव्हा कुठे जीवात जीव आला.

निघताना विचारतो, "काका, क्लचकडचा लाल राहू दे ना?" म्हटलं राहू दे, तिकडे केबल आहे, काही बिघडत नाही.

चवथीला दिसला बाजारात, एका बाजूला लाल आणि एका बाजूला काळा.