गुलालातले चेहरे आणि तीन तात्या

रविवार. पाऊस थांबेचना म्हणून दुपारभर डिजिकॅम, म्हणजे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर, उघडून बसलो. 2019 च्या पुरात खालच्या कपाटातले अल्बम गेले, माळ्यावरचे तेवढे वाचले, मग भावानं वाचलेलं सगळं स्कॅन करून घेतलं. पण कुठल्या फोटोत कोण आहे याचा पत्ता नाही, नुसते नंबर.

चेहरे शोधायचं काम सॉफ्टवेअर बरं करतंय. थोड्या फोटोंना नाव दिलं की पुढचे स्वतःच सुचवतंय, आपण फक्त हो-नाही म्हणायचं. मात्र जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो आले की गडी गार! गुलालात सगळे एकाच रंगाचे. आणि लग्नात फेटा बांधला की आमचे सगळे चुलते त्याला एकच माणूस वाटतात, त्यात त्याची काय चूक म्हणा, मिशा पण सारख्याच.

खरी डोकेदुखी नाव काय लिहायचं ही. माझी आत्ती ती पोरांची आज्जी, आणि तात्या तर आमच्यात तीन आहेत. म्हणून टॅगला पूर्ण नाव, नातं लिहायचं नाही असं ठरवलं. तर बायकांचं अडलं. फ्रॉकमधल्या पोरीला सासरचं आडनाव कसं लावायचं? आत्तीलाच फोन केला. ती म्हणाली, "दोन्ही घाल की रं, दोन्ही घरं माझीच हाईत."

आधी गूगल फोटोजमध्ये बरीच नावं दिलेली, पण ती आपल्या खात्यातच राहतात, फोटो डाऊनलोड केला की नाव त्याच्यासोबत येत नाही, टेकआउटनं (गूगलमधला आपला डेटा बाहेर काढायची सोय) सगळं काढलं तर शेजारी जेसन नावाची वेगळी मजकुराची फाईल मिळते, त्यात असतात. ती उघडून कोण बघणार आमच्यात? गूगलचंच फोटोंचं जुनं सॉफ्टवेअर पिकासा 2016 ला बंद झालं तसं उद्या हे पण होईल. डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटात, म्हणजे फोटोच्या फाईलमधल्या न दिसणाऱ्या माहितीत, लिहायची टिक केली की नाव आणि चेहऱ्याची चौकट दोन्ही एक्सएमपी या ठरलेल्या पद्धतीनं फोटोच्या फाईलमध्येच बसतात, मग पुढं दुसरं सॉफ्टवेअर पण वाचू शकतं. मला तेच पाहिजे होतं. फक्त व्हॉट्सअपवर नेहमीसारखा फोटो टाकला की ही माहिती गळून जाते, त्यामुळं फॅमिली ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, हे सगळ्यांना समजावून दमलोय, ऐकतंय कोण.

संध्याकाळी आत्तीला रंकाळ्यावरचा एक जुना ग्रुप फोटो पाठवला. तिनं धडाधड नावं सांगितली, सॉफ्टवेअरला जमली नसती अशी, कोण कुणाच्या मांडीवर हाय ते सुद्धा. मधल्या एका पोरावर मात्र मी अडून बसलेलो, कारण तो कुणासारखाच दिसेना.

"त्यो आपला न्हाई रं. फोटूवाल्याचं पोरगं, मधीच येऊन उभं ऱ्हायलं."

त्याचं नाव तिला पण माहीत नाही. टॅग केलाय, 'फोटोवाल्याचा मुलगा' म्हणून.