तुम्ही विचारलंत म्हणून: हरणी प्युअर आहे का?

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला माझ्या कुत्रीला, हरणीला, फिरवताना रोज कुणीतरी थांबवतंच. "मुधोळ ना ही? प्युअर आहे का?" मुधोळ ही आपल्याकडची शिकारी कुत्र्याची जात. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना स्वतःला पिल्लू घ्यायचं असतं, म्हणून एकदा नीट सांगते.

नाही, प्युअर नाही. हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

आणली तेव्हा ती दीड महिन्याची होती. विकणारा म्हणाला, "अस्सल मुधोळ, जातीचा कागद मागाहून देतो." कागद आलाच नाही. त्या वयात बहुतेक पिल्लं गोल पोटाची आणि आखूड तोंडाचीच दिसतात, त्यामुळे मला शंका आली नाही. पुढे तोंड लांब झालं, छाती खोल उतरली, पोट आत गेलं, कमरेची हाडं वर दिसू लागली. सगळं मुधोळसारखं, फक्त कान सोडून. मुधोळचे कान गालालगत सपाट लोंबतात. हरणीचे मागे दुमडून मानेला टेकतात.

जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "कान ग्रेहाउंडसारखे, म्हणजे शर्यतीच्या परदेशी कुत्र्यासारखे आहेत, पण नुसत्या दिसण्यावरून मी काही लिहून देणार नाही." मला त्यांचं पटलं. कान, केस, रंग अशा गोष्टी थोड्याच जनुकांवर ठरतात. संकरित पिल्लू हुबेहूब एका जातीचं दिसू शकतं, आणि भेसळ त्याच्या पिल्लांत वर येते.

मग डीएनए चाचणीची चौकशी केली. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि त्यांच्याकडे साठवलेल्या जातींशी ताडून बघतात. अडचण इथेच आहे. त्या साठ्यात आपल्या मुधोळचे पुरेसे नमुने नसतील, तर यंत्र तिला जवळच्या एखाद्या परदेशी जातीत बसवणार. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डसाठी ही चाचणी उपयोगाची आहे. हरणीसाठी पैसे घालावेसे मला वाटले नाहीत.

शेवटी विकणाऱ्याच्या मागे लागून पिल्लू कुठून आणलं ते काढून घेतलं. मंगळवेढ्याकडचा एक धनगरवाडा निघाला. आम्ही गेलो तेव्हा मेंढरं चरायला गेली होती आणि हरणीची आई सावलीला पडली होती. तशीच पिवळसर, पण कान सरळ लोंबते. तिथल्या धनगर मामांनी हरणीकडे एकदाच पाहिलं. "आई कारवानच हाय ताई, पण बाप शर्यतीचा ग्रेहाउंड. मी इकताना सांगितलं हुतं की." त्यांनी खरं सांगितलं होतं. ते मधल्या माणसाने गिळलं.

आपल्याकडे वाड्यावर 'कारवान' म्हणतात, पलीकडे कर्नाटकात 'मुधोळ'. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत नाव 'कॅराव्हान हाउंड' असतं, त्यामुळे कागदावर मुधोळ दिसलं नाही म्हणून बिचकू नका. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुत्र्यांची जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली होती. 2005 साली टपाल खात्याने या जातीचं तिकीटही काढलं. इतक्या मानाच्या कुत्र्यात नुसत्या वेगाच्या हौसेपायी ग्रेहाउंड मिसळत राहिला, तर उन्हात दिवसभर वाड्यामागे चालणारं हे जनावर हळूहळू हातचं जाईल. मला त्याचं फार वाईट वाटतं.

कागद असेल तर त्यावरचा मायक्रोचिपचा नंबर कुत्र्याच्या अंगातल्या चिपशी डॉक्टरांकडून जुळवून घ्या. वंशावळीत आई-बापाची नावं बघा. तरीही ती नावं पिल्लं काढणाऱ्याने सांगितलेली असतात, हे ध्यानात ठेवा. कुत्री माजावर असताना दोन नर लागले, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. म्हणून मी आधी विचारते, माजाच्या दिवसांत कुत्री बांधून होती का? वाड्यावरचा माणूस याचं उत्तर लगेच देतो. दुकानदाराला प्रश्नच कळत नाही. आई बघितल्याशिवाय पिल्लू उचलू नका, आणि जमलं तर बापही बघा.

हरणीची मी नसबंदी करून घेतली. होटगी रोडचे एक काका तिच्या पिल्लासाठी वर्षभर मागे होते, कितीही देतो म्हणत होते. त्यांना मामांच्या वाड्याचा रस्ता सांगितला. हरणीची आई पुन्हा माजावर येईल तेव्हा मामा तिला शेजारच्या वाड्यावरच्या कारवान नराकडे नेणार आहेत. काका तो नर आधीच बघून आले. त्याचे कान लोंबते आहेत.