पाइपचा गॅस आला, सवयी मात्र सिलिंडरच्याच

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर फरशीलगत पसरतो, म्हणून भिंतीत खाली जाळी ठेवायची रीत पडली. पाइपने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या निम्म्याहून थोड्याच जास्त वजनाचा. तो वर चढतो. उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅसची जोडणी असो की दक्षिणेत इंडियन ऑइल-अदानीची, स्वयंपाकघरात छताजवळ कायम उघडी राहणारी जाळी हवीच.

जुन्या कौलारू घरांत ही काळजी थोडी कमी, गळलेला वायू कौलांच्या फटींतून निघून जातो. खरी पंचाईत फ्लॅटमध्ये. ओट्याच्या वर सामानाचा माळा, बाल्कनीला सरकत्या काचा, आणि झड आत येते म्हणून जूनपासून व्हेंटिलेटरला पुठ्ठा. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते. गॅस डिटेक्टर लावायचा असेल तर तोही छतापासून साधारण फूटभर खाली लावा. सिलिंडरसाठी घेतलेला, फरशीजवळचा डिटेक्टर इथे काही कामाचा नाही.

आता शेगडी. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलिबार दाबाने येतो, पाइपचा 21 मिलिबारने. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत उष्णता निम्म्याहूनही कमी. त्यामुळे तीच आच मिळायला जेटच्या, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या पितळी तोंडाच्या, भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट लागतं. जेट न बदलता शेगडी जोडली तर ज्योत मरगळलेली राहते आणि भात शिजता शिजत नाही. काही फिटर जुनाच जेट हातड्रिलने मोठा करून देतात. मला ते पटत नाही. भोक जरा वाकडं गेलं की ज्योत एका बाजूला लवते. नैसर्गिक वायूसाठी बनवलेले जेटच मागून घ्या.

याच्या उलटी चूक चवथीला होते. माणसं जास्त, पातेली मोठी, म्हणून पाइपवरची शेगडी काढून मांडवात सिलिंडरला जोडतात. मोठ्या जेटमधून सिलिंडरचा गॅस दुपटीच्या आसपास सुटतो, त्याला हवा पुरत नाही. पिवळी, लांब ज्योत, पातेल्याच्या बुडाला काजळी आणि सोबत विषारी कार्बन मोनॉक्साइड. मांडवासाठी सिलिंडरवरची शेगडी वेगळीच ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून गॅस गीझरबद्दल जास्त सांगायला हवं. मिनिटाला 6 लिटरचा गीझर पूर्ण आचेवर दहा मिनिटं चालला तर साधारण 0.2 घनमीटर गॅस जळतो. एक घनमीटर गॅसला सुमारे दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे या अंघोळीला जवळजवळ दोन घनमीटर. चार बाय सात फुटांच्या न्हाणीघरात सगळी मिळून हवा सातेक घनमीटर. गीझर आत असेल तर दोघांच्या अंघोळी पाठोपाठ होईतो जवळपास निम्मी हवा ज्योतीतून गेलेली असते. दुसऱ्याला आधी डोकं जड वाटतं, मग पाय लटपटतात, आणि कडी आतून लावलेली असते. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ घ्या. गोव्यात पाणी मुळात फार गार नसतंच, मध्यम आच पुरते.

बाहेरच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा शत्रू खारी हवा. गंज बहुधा क्लॅम्पच्या मागे धरतो, तिथे पाणी साचतं आणि रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही. चिऱ्याच्या भिंतीत क्लॅम्पचा स्क्रू लवकर सैल होतो. पाइप हाताने हलत असेल तर कंपनीला कळवा. भिंतीतून पाइप जातो तिथे बाहेरून स्लीव्ह, म्हणजे आवरणाची नळी, हवी. आणि पावसाळ्यात या पाइपवर कपडे वाळत घालू नका.

शेगडीची नळी तारेच्या जाळीची, जास्तीत जास्त दीड मीटर, मध्ये जोड नसलेली. दर पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते.

गळतीचा संशय असेल तर शेगडीचे नॉब बंद, मुख्य कॉक चालू ठेवून मीटरचे लाल आकडे टिपा. गीझरसकट सगळं बंद हवं. अर्ध्या तासाने आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळतं आहे. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी कधीच नाही. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी कधीच नाही.

वास स्पष्ट येत असेल तर मीटर बघत बसू नका. कॉकचा दांडा पाइपला आडवा करा, खिडक्या उघडा, कुठल्याही बटणाला हात लावू नका. बंद करतानाही ठिणगी पडते, एक्झॉस्ट फॅनचंही तेच. फोन बाहेर अंगणात किंवा जिना उतरून खाली जाऊन करा. 1906 हा सिलिंडरच्या गळतीचा नंबर आहे. पाइपसाठी आपल्या कंपनीचा आपत्कालीन नंबर आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.