छुफूला जाताय? 28 सप्टेंबर टाळा, उदबत्ती तर नकोच

कन्फ्यूशियसचा धर्म चीनमध्ये पुन्हा उभा राहतोय, 28 सप्टेंबरच्या जयंतीला त्याच्या गावी, छुफूला चला, सोहळ्यात आत बसायची सोय आहे, असं टूरवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. सोय कसली! 28 सप्टेंबरला सकाळी कन्फ्यूशियसच्या मंदिराचा मुख्य भाग निमंत्रितांसाठी राखीव. आम्ही दोरीबाहेर. शेवटी एका चहावाल्याच्या मोबाइलवर पाहिलं: अधिकारी रांगेत, फुलांच्या टोपल्या, तीनदा कमरेत वाकून नमस्कार. साष्टांग कोणीच नाही. सरकारमान्य धर्म पाचच. बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट. कन्फ्यूशियस त्यात नाही, त्यामुळे हा 'सांस्कृतिक' कार्यक्रम. (इंडोनेशियात मात्र तो रीतसर धर्म आहे.)

धर्म बघायचा असेल तर दुपारी, दोरी सुटल्यावर मंदिराच्या मुख्य दाचंग सभागृहासमोर थांबा. समोरच्या दगडी खांबांवर कोरलेले ड्रॅगन बघण्यासारखे आहेत, पण मी बघत बसलो एका बाईकडे. तिने शाळकरी मुलाची मान धरून त्याला गुडघ्यावर बसवलं, स्वतः कपाळ जमिनीला टेकवलं, मग त्याच्या परीक्षेसाठी लाल पाटी कठड्याला बांधली. टोपल्यांवाल्या अधिकाऱ्यांपेक्षा हिचं खरं.

आता उदबत्ती. गाइड म्हणवणारा एक जण गोड बोलून आडोशाच्या टेबलाशी नेतो. वहीत नाव लिहिणं फुकट. मग मुलांच्या शिक्षणासाठी एक काडी, आईवडिलांच्या आयुष्यासाठी एक, सगळ्यांत जाडजूड ती घराण्यासाठी. पंढरपूरला बडव्यांच्या काळात गेलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. दोनशे युआन, म्हणजे आपले अडीच हजारांच्या घरात, आणि वर "श्रद्धेत घासाघीस करू नये" हा उपदेश! नाव लिहायच्या आधीच काढता पाय घ्या. ओळखपत्र अडकवलेला अधिकृत गाइड तिकीट खिडकीवरच ठरवा.

खोंग घराण्याचा (म्हणजे कन्फ्यूशियसच्या वंशजांचा) वाडा तासाभरात उरकतो. निशान डोंगरावरचा कन्फ्यूशियसचा 72 मीटरचा पुतळा मोठा आहे, एवढंच. वेळ ठेवा तो दफनभूमीसाठी. सुमारे 200 हेक्टर जंगल, त्यात लाखाहून जास्त खोंग वंशज. बॅटरीगाडी नाकारा, चाला. कन्फ्यूशियसच्या थडग्यावरची शिळा 1966 मध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुण टोळ्यांनी, रेड गार्ड्सनी, फोडली होती. जोडलेल्या भेगा जवळून स्पष्ट दिसतात. त्याच शिळेपुढे आता लोक फुलं ठेवतात. पाय मोडले होते, तरी तिथून निघवेना.

हायस्पीड स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. बाहेरचे टॅक्सीवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, बस घ्या. तिकिटाला पासपोर्ट लागतो आणि पैसे जवळपास सगळीकडे फोनवरून, तेव्हा अॅप घरूनच चालू करून जा. जयंतीनंतर लगेच 1 ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी लागते आणि गाड्या भरून जातात. परतीचं तिकीट आधी काढा, हॉटेल नंतर. खरं तर एप्रिलमध्येच जा.