पोस्टकार्डातली खिडकी

मी १९८९ च्या दहावीच्या बॅचची. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर पुष्कळ आठवलं, पण मला सांगायचं आहे ते एका जुन्या पोस्टकार्डाबद्दल.

आमचे चित्रकलेचे सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर न्यायचे. संध्यामठासमोर बसून आम्ही रंगवायचो. चित्रकार आबालाल रहिमान यांनी हाच रंकाळा रंगवला, हे सर इतक्या आपुलकीनं सांगायचे की पाण्याकडे बघायची आमची नजरच बदलायची.

सरांच्या शर्टाच्या खिशात ते पोस्टकार्ड असे, मधोमध काडेपेटीएवढी खिडकी कापलेलं. चित्र दाखवायला नेलं की सर कार्ड कागदावर ठेवून हळूहळू सरकवायचे आणि कुठंतरी थांबायचे. "हे बघ. एवढंच बघ." एकदा माझ्या अख्ख्या चित्रात मठाचं पाण्यातलं प्रतिबिंब तेवढं जमलं होतं. ओल्यावर ओला रंग पडून कड आपसूक विरली होती. "कसं केलंस, सांग." मी सांगितलं. सांगता सांगता कळलं, हे चुकून झालेलं नाही, मी केलंय.

मग तीच खिडकी आकाशावर आली. "आणि हितं?" अर्धवट वाळलेल्या रंगावर मी परत ब्रश फिरवला होता, निळ्याचा नुसता चिखल. मी गप्प, सरही गप्प. "वाळू दिलं नाही," असं शेवटी मीच म्हणाले. तेव्हा सरांनी मान डोलवली आणि वेगळ्या कपट्यावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, मारून दाखवला. आमच्या चित्राला त्यांनी कधी ब्रश लावला नाही. एका रविवारी एकच चूक. बाकीच्या त्यांना दिसत नसतील असं थोडंच आहे!

त्याआधी एका शिकवणीत मला प्रत्येक चित्रावर ‘व्हेरी गुड’ मिळायचं. घरी सगळे खूश. मी मात्र जमणार नाही ते काढायचंच टाळू लागले. माणसं नाहीत, घोडे नाहीत; डोंगर आणि सूर्य, बस्स.

शिक्षिका झाल्यावर क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ सालच्या प्रयोगांविषयी वाचलं. पाचवीच्या मुलांना कोडी दिली. काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. हुशार म्हटलेल्यांनी पुढे आपण हुशार दिसू अशीच कोडी मागितली, आणि अवघड कोडं अडल्यावर त्यांचा धीर लवकर सुटला. मला माझे डोंगर-सूर्य आठवले. सरांनी कुणाला हुशार म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझ्या काही मैत्रिणींना सर कौतुकाला कंजूष वाटायचे. मला ते अजिबात पटत नाही. आमच्यातली एक जण चूक दाखवली की रडायची. तिची चूक सर बाजूला पायरीवर बसून सांगायचे, आणि तिचा जमलेला चौकोन मात्र सगळ्यांना हाका मारून दाखवायचे.

आता मी सातवीला मराठी शिकवते. निबंधाच्या वहीसाठी एका ओळीएवढी फट कापलेलं कार्ड केलं आहे. मुलं ते माझ्याकडून मागून घेतात, स्वतःच सरकवतात, आणि बहुतेक जण आधी चुकलेल्या ओळीवरच जाऊन थांबतात. "आधी चांगली ओळ शोध," असं सांगावं लागतं. ती सापडायला त्यांना फार वेळ लागतो. मी तेवढा वेळ शेजारी उभी राहते.