दुपारची शुगर

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या ओपीडीत दिंडोरी-निफाडकडचे पेशंट फारसे फिरकत नाहीत. द्राक्षाच्या बागेत माल तयार असतो, व्यापारी कधी येईल याचा नेम नसतो, आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. अशा दिवसांत शुगर दाखवायला नाशिकला कोण येणार? व्हॉट्सॲपवर नुसते आकडे येतात. ‘ताई १३२’, ‘ताई २१०’, आणि मध्येच कुणाचं तरी शुभ सकाळ. त्यामुळे ऐन काढणीत नाना आणि काकू दोघंही बाकावर बसलेले दिसले तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय.

मी गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर आहे. औषध डॉक्टर लिहितात. ते औषध घरी गेल्यावर त्याचं काय होतं, जेवण कसं, चालणं किती, मशीन कपाटात आहे की वापरात, हे बघणं माझ्याकडे. (सोमवारी कुणाची शुगर वाढलेली आली की मी आधी रविवारच्या मिसळीची चौकशी करते. नाशिकात हा प्रश्न टाळून चालत नाही.)

नाना दिंडोरी तालुक्यातले, साठीच्या पुढचे, चार एकर द्राक्षं. शुगर बऱ्याच वर्षांची, पण माणूस शिस्तीचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची छोटी गोळी, एवढ्यावर नीट चाललेलं. आता काकूंनी सांगितलं ते असं: महिनाभर दुपारची शुगर बहुतेक तीनशेच्या वरच. मुलाने नवीन मशीन आणून दिलं, तेही तेच दाखवायला लागलं. तिकडच्या एका डॉक्टरांना फोनवर आकडे कळवले, त्यांनी ग्लिमेपिराइड दुप्पट केली. तरी आकडा हलेना, म्हणून नानांनी स्वतःच दुपारची भाकरी बंद केली. मेथीची भाजी आणि ताक, बस.

“आणि परवा बांधावरच बसले खाली,” काकू म्हणाल्या. “अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापत होते. मी म्हटलं साखर देते, तर म्हणाले शुगर एकशे अठ्ठ्याऐंशी आहे, साखर कसली देते.”

“होतीच ना,” नाना म्हणाले. “मशीन लावून बघितलं होतं मी. अशक्तपणा असेल.”

मला ते ऐकूनच धस्स झालं. ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात का ते बघत नाही. ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. गोळी दुप्पट, जेवण अर्धं आणि वर बागेत उभं राहून काम: यात शुगर पडली नसती तरच नवल. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, ही सगळी लक्षणं सत्तरच्या खालची. आणि वहीत मात्र १८८.

आमच्या डॉक्टर सरांनी त्यांना तपासलं, आमच्याच लॅबमध्ये रक्त दिलं. उपाशीपोटी ११८, नाश्त्यानंतर दोन तासांनी १६६, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी ७.२. हे ७.२ म्हणजे दिवसरात्र मिळून साधारण १६० ची सरासरी. आता महिनाभरापूर्वीच शुगर बिघडली असेल तर एचबीए१सीमध्ये ती पूर्ण उतरायला वेळ लागतो, म्हणून त्या एका आकड्यावर निकाल देता येत नाही. हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो फसवतो. नानांचं व्यवस्थित होतं. सर म्हणाले, “गोळी मी आधीसारखी करतोय. तू यांचं मशीन बघ.”

मशीन बघायचं म्हणजे आधी रक्त लावायच्या पट्ट्यांची डबी. तिथेच निम्मे घोटाळे सापडतात. एक्स्पायरी उलटलेली, झाकण उघडं राहून हवा लागलेली, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये तापलेली. एका आजींनी तर ‘औषध आहे ना’ म्हणून फ्रीजमध्ये ठेवली होती. नानांची डबी मात्र नवी, झाकण घट्ट, घरात कपाटात. मग त्यांच्या मशीनवर आणि आमच्या मशीनवर एकाच बोटाचं रक्त घेतलं. त्यांचं १७१, आमचं १६३. एवढा फरक चालतो. शंभरच्या वर १५ टक्के इकडेतिकडे ही या मशीनना मान्य असलेली सूट आहे. (१४२ आणि १५१ वरून नवरा-बायकोत भांडणं झालेली मी बघितली आहेत.)

म्हणजे मशीन निर्दोष, पट्टी निर्दोष. काकूंनी पिशवीतून वही काढली.

ती वही शुगरची नव्हतीच. मजुरांच्या हजेरीची होती. पानभर नावं, खाडे, उचल, पेट्या किती भरल्या, आणि समासात बारीक अक्षरात नानांची शुगर. काकू लिहितात, नाना बोट टोचतात. सकाळचे आकडे ११०, १२४, ११६. दुपारचे ३४०, ३८५, ३१२. मग सलग तीन दिवस दुपारी १५५, १६२, १४९. आणि पुन्हा ३६०.

“हे तीन दिवस काय केलं होतं?” मी विचारलं.

काकूंनी त्याच पानावर बोट ठेवलं. “पाऊस होता की. खुडा बंद. माणसंच नव्हती आली.”

मागची पानं उलटली. हजेरीचा रकाना रिकामा त्या दिवशी दुपारची शुगर बरी. हजेरी भरलेली त्या दिवशी तीनशेच्या वर. मला वाटलं, काढणीच्या दिवशी टेन्शन असतं, व्यापाऱ्याबरोबर चहा होतो, त्याने शुगर वाढते हे खरंच आहे. पण नेमाने दीडदोनशेची उडी? आणि तीही भाकरी बंद असताना?

“नाना, खुड्याच्या दिवशी तोंडात एखादा मणी जातो का?”

“ताई, शपथ. एक मणी नाही. चव बी घेत नाही, ब्रिक्स मीटर आहे ना त्याला.”

आणि ते दाखवायला त्यांनी ब्रिक्स मीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, खरंच शर्टाच्या खिशातून काढलं. मी नाशिकची असून तो हातात घेऊन कधी बघितला नव्हता. माझ्यासाठी दोन किलोची पेटी आणलेली होतीच. त्यातल्या घडाचे वरचे, मधले, शेंड्याचे असे चारपाच मणी नानांनी तोडले, चिमटीत चिरडले, रस काचेवर टिपकवला, झाकण लावून खिडकीच्या उजेडाकडे धरलं. “बघा. अठरा. सोळाला व्यापारी हात लावतो, आपला अठरा.” आणि बोटं पॅंटला पुसली.

मी त्या बोटांकडेच बघत राहिले.

“नाना, आत्ता मशीन लावा. घरी लावता तसंच.”

त्यांनी त्याच हाताच्या मधल्या बोटाला सुई मारली. मशीनवर ४१२.

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी स्पिरिटचा बोळा दिला, बोट पुसून पुन्हा घ्यायला लावलं. २९४. मग त्यांना बेसिनपाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले, टॉवेलने कोरडे करायला लावले आणि तेच बोट पुन्हा टोचलं. १५८. चारपाच मिनिटांत तीन आकडे आणि माणूस एकच.

नाना कितीतरी वेळ मशीनकडे बघत होते. “म्हणजे महिनाभर मी द्राक्षाची शुगर मोजत होतो?”

तसंच होतं. अठरा ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे अठरा ग्रॅम विरघळलेले पदार्थ, त्यातली बहुतेक साखर, आणि त्या साखरेत निम्म्याच्या आसपास ग्लुकोज. रक्तातल्या ग्लुकोजच्या तुलनेत हे प्रमाण सत्तर-ऐंशी पट पडतं. मशीनला रक्त लागतं जेमतेम एक मायक्रोलिटर, मोहरीएवढंही नाही. त्यात रसाचा चाळिसावा हिस्सा मिसळला तरी आकडा दोनशेने वाढतो. आणि पट्टीला ग्लुकोज रक्तातलं की चामडीवरचं हे कळत नाही. स्पिरिटने वाळलेला चिकटा पूर्ण जात नाही, त्याला पाणीच लागतं. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ साली हेच करून दाखवलं होतं, निरोगी माणसांना संत्री, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून. आम्हाला प्रशिक्षणात ‘हात धुवा’ शिकवतात. मीही ते सगळ्यांना सांगते, सगळे मान डोलावतात. दुपारी बागेत, रांगेत क्रेट उभे, गाडीवाला हॉर्न वाजवतोय, तिथे ते कसं होतं हे वहीतल्या हजेरीने सांगितलं.

काकू लगेच खूश. “म्हणजे यांना शुगर वाढलेलीच नाही म्हणायची?”

“बांधावर बसले तेव्हा पडली होती, काकू. आणि मशीन १८८ सांगत होतं.”

त्यावर दोघंही गप्प झाले. चारही बाजूंनी द्राक्षं लटकलेली, नुसते पंधरावीस मणी खाल्ले असते तरी भागलं असतं, आणि शुगर वाढलीये म्हणून हा माणूस तसाच बसून राहिला. मी त्यांना वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं: घाम, थरथर, गरगर झालं आणि हात धुवायला पाणी जवळ नसेल तर मशीनच्या नादी लागायचं नाही. आधी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून. पंधरा मिनिटांनी हात धुऊन तपासायचं, सत्तरच्या खाली असेल तर परत तेवढंच. बरं वाटलं की जेवायचं. ओले हातही नकोत, पाण्याने रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. बोटाच्या पेराच्या मधोमध टोचायचं नाही, कडेला टोचायचं. फार पिळायचं नाही.

गंमत म्हणजे खोटा आकडा गेल्यावर खालून खरा निघाला, आणि तोही काही फार चांगला नव्हता. दुपारची भाकरी परत सुरू झाली, हात धुऊन तपासणी सुरू झाली, आणि आठवड्याने काकूंनी फोटो पाठवला: जेवणानंतर दोन तासांनी २०८, २१५, १९८. आपल्याला १८० च्या आत हवी. मग फोनवर खरं बोलणं झालं. बाजरीच्या भाकरीने शुगर वाढत नाही अशी एक समजूत सगळीकडे आहे. गव्हाच्या पोळीपेक्षा बरी म्हणून लोक दोन मोठ्या भाकरी चुरून खातात. काकूंची एक भाकरी आमच्या शहरातल्या दोन पोळ्यांना भारी. त्यातली एक कमी करून मटकीची उसळ आणि काकडी वाढवली. चहाचं अवघड होतं. व्यापारी आला की चहा, गाडी भरली की चहा, हिशोब झाला की चहा. कप लहान असला तरी प्रत्येकात एक चमचा साखर, आणि दिवसाचे सात-आठ चमचे म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर. नाना म्हणाले, “समोरच्याला चहा द्यायचा आणि आपण नुसतं बघायचं, बरं दिसत नाही.” शेवटी त्यांच्यासाठी बिनसाखरेचा वेगळा थर्मास भरायचं ठरलं. व्यापाऱ्याला काय कळतंय.

चालण्यावरून वादच झाला. “दिवसभर बागेतच असतो मी.” असतात, पण मांडवाखाली मान वर करून उभे. जेवण झालं की बाजेवर आडवे. तेव्हा बाजेच्या आधी बागेला एक फेरी, दहा-पंधरा मिनिटांची. जेवणातलं ग्लुकोज रक्तात चढत असतं तेव्हाच पायाचे स्नायू ते खेचून घेतात, म्हणून वेळ महत्त्वाची. माझा अनुभव असा की ‘रोज चालत जा’ हे कुणीच ऐकत नाही, पण चाललेल्या दिवसाचा आणि न चाललेल्या दिवसाचा आकडा शेजारी शेजारी लिहायला लावला की माणूस स्वतःच पेटतो. नाना तर ब्रिक्सवर बाग चालवणारे. त्यांनी वहीत दोन रकाने आखून घेतले, जेवणाआधी आणि दोन तासांनी. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस. गोळ्यांवरच्या पेशंटला एवढं पुरतं आणि पट्ट्याही काही स्वस्त नसतात.

काढणीनंतरची खरड छाटणी उरकून मे महिन्यात आले तेव्हा एचबीए१सी ६.९ होता आणि परत चक्कर आलेली नव्हती. या वेळी वहीत आंबा होता. जेवणाबरोबर दोन भाकरी आणि वर आंबा: १३१ वरून २१९. एक भाकरी आणि वर अर्धा आंबा: १२६ वरून १७८. दुपारी चारला नुसता अर्धा आंबा: १२८ वरून १७१. मी त्यांना असं काही करायला सांगितलं नव्हतं. सरांनी ते पान स्वतःच्या फोनमध्ये टिपून घेतलं.

“अर्धा आंबा मंजूर,” मी म्हटलं.

“आणि अक्षय्य तृतीयेला रस झाला, त्याचं काय लिहिलंय ते पण दाखवा की,” काकू म्हणाल्या. नानांनी ते पान उलटून पुढे नेलं. आमरसावर आमचं अजून जमलेलं नाही.