आज ट्रायल दिली

सकाळी सहाला निघताना आईला सांगितलं, कंपनीत लवकर बोलावलंय. खोटं. बॅगेत सातपूरचा युनिफॉर्म नव्हता, स्टड्सचे बूट होते.

एका व्यावसायिक फुटबॉल क्लबची ट्रायल होती. कॉलेजात मी ४०० मीटर पळायचो (२०१० च्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या नाशिक जिल्ह्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरला ब्राँझ आणलं, तेव्हापासूनचं वेड), फुटबॉल हौसेपुरता. वय आता २४. आजूबाजूला सगळी सतरा-अठराची पोरं, देवळालीची, मालेगावची, एक तर रात्रीच्या एसटीने धुळ्याहून आलेला. त्याने मला कोच समजून "गुड मॉर्निंग सर" केलं!

स्प्रिंटला मी सगळ्यांच्या पुढे. पण ४०० मीटर म्हणजे आपली लेन, एकदाच जीव काढायचा, संपलं. इथे १०५ मीटरचं मैदान. पळा, थांबा, वळा, परत पळा, आणि वर बॉल पायात हवा. पंधरा मिनिटांत पोटऱ्यांचे दगड झाले. एकदा तर मी पुढे आणि बॉल मागेच. धुळेकर ओरडला, "दादा, बॉललापण घेऊन चला की!"

शेवटी मात्र कडेवरून गोलसमोर टाकलेला एक क्रॉस असा बसला की विचारू नका. स्ट्रायकरने हेडर बाहेर घालवला, ते सोडा.

कोचनी नंबर घेतला, "कळवतो" म्हणाले. मुलगी बघायला आलेले म्हणतात तसं.

येताना मिसळ हाणली, दोन पाव जास्तीचे. आईने दारातच बुटांची माती बघितली. काही बोलली नाही. गरम पाणी काढलं.